रस्ते, यात्रा आणि विषमता : अंबड तालुक्याच्या अनुभवाचा अर्थ

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना झाली की जालना जिल्ह्यातील अंबडकडे येणारे सर्व रस्ते गजबजून जातात. गावाला लागून असलेल्या, माशाच्या आकाराच्या टेकडीवर श्री मत्स्योदरी देवीचे स्थान आहे. मत्स्याच्या उदरात वसलेली म्हणून ती मत्स्योदरी, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती या तीन रूपांत येथे देवीची पूजा होते. नवरात्राच्या दिवसांत पंचक्रोशीतील व दूरच्या गावांतील भाविक एस. टी. ने, टेंपोने, ट्रॅक्टरने आणि पायी चालत येथे येतात. टेकडीच्या पायथ्याशी दुकाने लागतात, पाळणे उभे राहतात आणि तालुक्याच्या या गावाला काही दिवस मोठ्या शहराची कळा येते.

दसरा होतो, यात्रा पांगते आणि थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यांवर निराळी रहदारी सुरू होते. साखर कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम जवळ आलेला असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयते, भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या आणि लहान मुले यांसह वाहनांत बसतात व पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे ऊसतोडीसाठी निघतात. पुढील पाच-सहा महिने त्यांच्या घरांना कुलूप असते. पुष्कळदा मागे राहतात ती केवळ म्हातारी माणसे.

येणारे भाविक आणि जाणारे ऊसतोड मजूर एकाच रस्त्याचा उपयोग करतात. रस्ता दोघांनाही सारखाच उपयोगी पडतो. पण ज्या भागाकडे हजारो लोक ओढीने येतात, त्याच भागातील लोकांना पोटासाठी बाहेर का जावे लागते, हा प्रश्न या रस्त्यावर उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही. विकसनशील देशांत रस्ते, प्रवास व पर्यटन यांचा आर्थिक विषमतेशी कोणता संबंध असतो, याची चर्चा जगभर चालते. अंबड तालुक्याचे उदाहरण त्या चर्चेवर पुरेसा प्रकाश टाकू शकते.

रस्त्यांची उतरंड

आपल्या देशात रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग असे वर्गीकरण रूढ झाले ते १९४३ च्या नागपूर योजनेपासून. या वर्गीकरणात एक साधे तत्त्व आहे. मोठा रस्ता दूरच्या केंद्रांना जोडतो, तर लहान रस्ता माणसाला त्या मोठ्या रस्त्यापर्यंत आणतो. नदीला जसे ओढे मिळतात, तसे महामार्गाला गावरस्ते मिळाले पाहिजेत. ओढे आटले तर नदी जवळून वाहत असूनही शिवार कोरडे राहते.

मराठवाड्यात ही रचना उशिरा आकारास आली. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी या मार्गाने मीटर गेज लोहमार्ग टाकण्यात आला. जालना त्यामुळे बाजारपेठ म्हणून वाढले. पण तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील अंबड लोहमार्गापासून दूरच राहिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पुढे १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती झाली व अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यातून या नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. लोहमार्गाचे रुंदीकरण होण्यास मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले.

खेड्यांतील रस्त्यांचा इतिहास याहूनही निराळा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य रस्त्यांवर खडी फोडणारे हात शेतकरी व शेतमजूर स्त्री-पुरुषांचे होते. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव भागात ज्या योजनेचा प्रयोग झाला होता, तिचे तत्त्व या दुष्काळात राज्यभर कामी आले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून घेतलेला पैसा खेड्यातील मजुरीच्या रूपाने भूमिहीनाच्या घरी पोचावा, अशी ही व्यवस्था होती. रस्ता हे तिचे एक साधन होते, तर विषमता कमी करणे हे तिचे साध्य होते.

परंतु रस्ता तयार होणे निराळे आणि रस्ता टिकणे निराळे. गोदावरीच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा मातीवर पुरेसा मुरूम दाबून न घालता केवळ वरचा थर चढविला, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच तो उखडतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून नेणारे चर, ओढ्यांवर पुरेशा रुंदीच्या मोऱ्या आणि वेळच्या वेळी साइडपट्ट्यांची भरणी ही कामे दिसण्यात किरकोळ असतात, पण रस्त्याचे आयुष्य त्यांवरच ठरते. नव्या रस्त्याचे उद्घाटन होते, जुन्या मोरीच्या दुरुस्तीचे होत नाही. त्यामुळे देखभालीचे काम मागे पडते आणि त्याची झळ सर्वप्रथम लागते ती आडवळणाच्या वस्तीला, आजारी माणसाला व शाळेत जाणाऱ्या मुलीला.

अनुशेष म्हणजे काय ?

महाराष्ट्र हे देशातील प्रगत राज्य मानले जाते. तथापि राज्याच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात निर्माण होतो. राज्याची सरासरी उंच दिसते ती या पट्ट्यामुळे. त्या सरासरीच्या सावलीत कोरडवाहू तालुक्यांची स्थिती झाकली जाते.

ही विषमता मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न डॉ. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने केला. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल सादर केला. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी क्षेत्रांत राज्याची सरासरी काढावयाची आणि एखादा जिल्हा त्या सरासरीच्या जितका खाली असेल, तितका त्याचा ‘अनुशेष’ मानावयाचा, अशी समितीची पद्धत होती. या हिशोबाने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लक्ष रुपये ठरला. त्यापैकी मराठवाड्याचा वाटा ७५० कोटी ८५ लक्ष रुपयांचा होता. पुढे संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदानुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापन झाली. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर केलेल्या फेरमोजणीत एकूण अनुशेष १४,००६ कोटी ७७ लक्ष रुपयांवर गेला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

अनुशेषाच्या कल्पनेने मागासलेपणाला आकडा दिला आणि निधीच्या मागणीला आधार दिला, हे तिचे मोठे काम होय. पण तिला एक मर्यादाही होती. जिल्हा हा घटक धरल्याने जिल्ह्यांतर्गत विषमता दिसत नसे. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये नेमलेल्या व २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या उच्चस्तरीय समितीने म्हणूनच तालुक्याच्या पातळीवर जाऊन विचार करण्यावर भर दिला.

अंबड तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान श्री. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या जायकवाडी प्रकल्पाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या तालुक्याच्या दक्षिण भागातून जातो. कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस उभा राहिला. अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना निघाला. कालव्याच्या वरच्या बाजूची गावे मात्र पावसावर, विहिरींवर व कूपनलिकांवर अवलंबून राहिली. जालना जिल्ह्याची मोसंबी नामांकित आहे. पण २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बागाच्या बागा वाळल्या आणि अनेक वर्षांची मेहनत एका उन्हाळ्यात सरपणाच्या मोलाची झाली. एकाच तालुक्यात एका शिवारात ऊस तोडला जातो आणि दुसऱ्या शिवारातील माणूस ऊस तोडण्यासाठी परजिल्ह्यात जातो. विषमता मुंबई आणि मराठवाडा यांच्यात आहे, तशीच ती कालव्याच्या दोन काठांवरही आहे.

रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो

रस्ता झाला की गावाचा विकास झाला, अशी एक समजूत आहे. रस्त्याने मोसंबी बाजारात जाते, बाळंतिणीला दवाखाना गाठता येतो, मुलगी महाविद्यालयात पोचते. हे सर्व खरेच आहे आणि त्याचे मोल कमी नाही. पण रस्ता केवळ माल बाहेर नेत नाही. तो बाहेरचा मालही आत आणतो. शहरात बनलेली स्वस्त वस्तू गावात पोचते आणि गावातील कारागिराचे गिऱ्हाईक तुटते. रस्त्याने रोजगार गावाकडे येऊ शकतो, तसा मजूरही गावातून बाहेर जाऊ शकतो. ज्या गावाजवळ पाणी, कसब, भांडवल व संघटना आहे, ते गाव रस्त्याचा लाभ उचलते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याच्या दृष्टीने रस्ता ही मुख्यतः बाहेर पडण्याची वाट ठरते.

रस्ता जितका मोठा, तितका हा फरक ठळक होतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग हा ७०१ किलोमीटरचा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. जालना जिल्हा त्यामुळे मुंबई व नागपूर या दोन्ही महानगरांच्या जवळ आला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत रेल्वेही सुरू झाली. बियाणे व पोलाद उद्योगांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालना शहराला या सोयींचा लाभ होणे स्वाभाविक आहे. तथापि समृद्धी महामार्ग हा प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता व उतरता येते. मध्येच कोणत्याही गावाशी वाहन थांबत नाही. वेग व सुरक्षितता यांसाठी ते आवश्यकच आहे. परंतु रस्त्याच्या कडेला चहाचे दुकान टाकून किंवा पेरू-मोसंबीची पाटी मांडून गाव जी कमाई जुन्या रस्त्यावर करीत असे, ती या रस्त्यावर करता येत नाही. अशा महामार्गाचा लाभ गावाला मिळतो तो उतरण्याच्या ठिकाणापासून गावापर्यंतचा लहान रस्ता चांगला असेल तेव्हाच.

तालुक्यातून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग वडीगोद्री व शहागड या गावांवरून पुढे गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात जातो. त्यावरून वाहनांची अखंड रांग चाललेली असते. त्यांपैकी किती वाहने तालुक्यात थांबतात आणि थांबली तर त्यांचे पैसे कोणाच्या हाती पडतात, हा विकासाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. वाहनांची संख्या ही रस्त्याच्या यशाची मोजणी झाली. थांब्यांची संख्या व त्यांतून मिळणारा रोजगार ही गावाच्या यशाची मोजणी होय.

अहिल्याबाईंची बारव

ही गोष्ट नवी नाही. अंबड परिसर एकेकाळी होळकरांच्या अमलाखाली होता आणि येथील मंदिर व बारव यांच्याशी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे नाव जोडलेले आहे. १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत अहिल्याबाईंनी देशभरातील तीर्थक्षेत्री जी कामे केली, त्यांची यादी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी मंदिरे उभारली, त्याचबरोबर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा व अन्नछत्रेही उभारली. यात्रेकरू येणार, तर त्याला पाणी, सावली व रात्रीचा निवारा लागणार, हे त्यांनी जाणले होते.

बारव हे या दृष्टीचे उत्तम उदाहरण होय. पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येईल, अशी तिची रचना असते. दोर-पोहरा जवळ नसलेला वाटसरूही तेथे तहान भागवू शकतो. यात्रा नसताना तीच बारव गावाच्या उपयोगी पडते. म्हणजे प्रवाशासाठी केलेली सोय ही गावकऱ्याचीही सोय ठरते. पाण्यावर सर्वांचा हक्क मान्य होण्यास पुढे मोठे सामाजिक लढे द्यावे लागले, हेही विसरता येत नाही. आजची सार्वजनिक सोय मात्र जातपात न पाहता सर्वांसाठी असते, आणि म्हणून ती उभारण्याचे मोल अधिकच वाढते.

आज एखाद्या स्थळाच्या ‘विकासा’ची चर्चा निघते तेव्हा प्रवेशद्वार, रोषणाई व वाहनतळ यांचा विचार आधी होतो. स्त्रियांसाठी स्वच्छ व पाण्याची सोय असलेली शौचालये, पायी येणाऱ्यांसाठी सावली, वृद्धांसाठी बसण्याची जागा, कचऱ्याची व सांडपाण्याची व्यवस्था आणि बसस्थानकापासून पायथ्यापर्यंतचा चालण्याजोगा रस्ता यांचा विचार नंतर होतो. वास्तविक या स्थळी येणारा बहुसंख्य यात्रेकरू मोटारीने येणारा नसतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, तेव्हापासून एस. टी. हेच ग्रामीण प्रवाशाचे मुख्य वाहन राहिले आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या तिकिटात एस. टी. चा प्रवास उपलब्ध झाला. देवदर्शनासाठी घराबाहेर पडणे ज्या स्त्रीला पूर्वी खर्चामुळे जमत नसे, तिला ते आता तुलनेने सोपे झाले आहे. तिच्यासाठी स्थळी कोणती सोय आहे, यावरून त्या स्थळाच्या विकासाची पारख व्हावयास हवी.

यात्रेचा पैसा कोठे जातो ?

पर्यटनशास्त्रात ‘गळती’ नावाची एक कल्पना आहे. पर्यटकाने खर्च केलेल्या पैशांपैकी जो भाग त्या ठिकाणी न राहता बाहेर निघून जातो, त्यास गळती म्हणतात. विकसनशील देशांतील अनेक समुद्रकिनारी व बेटांवर परदेशी मालकीची उपाहारगृहे व निवासगृहे असतात. तेथील खाद्यपदार्थ, सामान व वरिष्ठ कर्मचारी बाहेरून येतात; नफाही बाहेर जातो. स्थानिक माणसाच्या वाट्याला सफाईचे व ओझे वाहण्याचे काम येते, आणि जमिनीचे भाव मात्र त्याच्या आवाक्याबाहेर जातात. पर्यटक वाढतात, देशाच्या परकीय चलनात भर पडते आणि तरीही गाव गरीबच राहते.

हाच नियम लहान प्रमाणावर यात्रेलाही लागू पडतो. भाविकाने देवीला वाहिलेला नारळ जालना जिल्ह्यात पिकत नाही. तो दक्षिणेकडून येतो. उदबत्ती, कापूर, बांगड्या, खेळणी व प्लॅस्टिकच्या वस्तू मोठ्या शहरांतून येतात. स्थानिक विक्रेत्याच्या हाती राहतो तो केवळ वरचा नफा. उलट झेंडूची फुले, मोसंबीचा रस, भाकरी-पिठले, गूळ-शेंगदाणे, दूध-दही यांवर खर्च झालेला रुपया तालुक्यातच फिरतो. शेतकरी, मजूर व दुकानदार अशा तिघांच्या हातांतून जातो. ज्या ज्या वस्तू स्थानिक पातळीवर तयार होऊ शकतात, त्या तयार करून विकण्याची सोय झाली, तर यात्रेकरूंची संख्या न वाढताही गावाचे उत्पन्न वाढू शकते.

केरळ राज्यातील कुमरकम येथे २००८ पासून या दिशेने झालेला प्रयत्न सर्वश्रुत आहे. तेथील हॉटेलांना लागणारा भाजीपाला व अन्य माल स्थानिक पंचायत आणि ‘कुटुंबश्री’ महिला गट यांच्यामार्फत पुरविण्याची व्यवस्था बसविण्यात आली. पडीक जमिनीवर भाजीपाला पिकू लागला आणि पर्यटकाचा पैसा शेतापर्यंत पोचला. तेथे मोठी हॉटेले होती म्हणून ते शक्य झाले, असे कोणी म्हणेल. पण तत्त्व हॉटेलांपुरते मर्यादित नाही. अंबडची नवरात्र-यात्रा, दत्तजयंतीच्या सुमारास येथे होणारा शास्त्रीय संगीताचा महोत्सव आणि पूर्वी अंबड तालुक्यात व आता घनसावंगी तालुक्यात असलेले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान, या सर्व ठिकाणी लोक येतात, जेवतात, राहतात. त्यांच्या जेवणाचे धान्य व भाजी कोठून घ्यावयाची, हे ठरविणे आपल्याच हाती आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. १९८३ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झालेल्या अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांमुळे देशोदेशीचे पर्यटक छत्रपती संभाजीनगरपर्यंत येतात. तेथून जालना सुमारे ६० किलोमीटरवर आहे; पण तो पर्यटक अंबडकडे वळत नाही. त्याला खेचून आणण्याच्या प्रयत्नात सर्व साधने खर्ची घालण्यापेक्षा जो भाविक पिढ्यान्‌पिढ्या आपण होऊन येथे येतो, त्याची सोय आधी करणे अधिक व्यवहार्य होय. गरीब यात्रेकरू थोडा खर्च करतो हे खरे. परंतु तो खर्च बहुधा रस्त्याकडेच्या लहान विक्रेत्याकडेच करतो. त्याच्या दहा रुपयांपैकी गावात राहणारा वाटा श्रीमंत पर्यटकाच्या हजार रुपयांतील वाट्यापेक्षा प्रमाणाने अधिक असू शकतो.

गावपातळीवर काय करता येईल ?

७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना संवैधानिक स्थान मिळाले. महाराष्ट्रात तर १ मे १९६२ पासूनच त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू आहे. महामार्ग व लोहमार्ग यांचे निर्णय गावपातळीवर होत नाहीत. पण त्यांचा लाभ गावात थांबेल की गावावरून निघून जाईल, हे पुष्कळ अंशी गावपातळीवर ठरते.

यासाठी पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. आपल्या हद्दीतील प्रत्येक मोरी, प्रत्येक चर, पावसाळ्यात तुटणारी प्रत्येक वाट यांची नोंद ग्रामपंचायतीजवळ असली पाहिजे. जून महिन्यापूर्वी चर मोकळे करणे व मोऱ्यांतील गाळ काढणे यांस फार मोठा निधी लागत नाही. न केल्यास मात्र पूर्ण रस्ता नव्याने करावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे यात्रेतील जागांचे वाटप. पायथ्याजवळची मोक्याची जागा लिलावात बाहेरच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे जाते आणि स्थानिक विक्रेत्या स्त्रिया कडेला फेकल्या जातात, असे अनेक यात्रांतून घडते. महिला बचत गट, अपंग व भूमिहीन कुटुंबे यांच्यासाठी काही जागा अल्प भाड्याने राखून ठेवल्या, तर स्थानिक संस्थेचे उत्पन्न फारसे घटत नाही. मात्र त्या कुटुंबांना यात्रेच्या दहा दिवसांत हंगामाच्या आरंभीची नड भागविण्याइतका आधार होऊ शकतो. उचल घ्यावयाची की नाही, याचा निर्णय कित्येकदा अशा लहानशा रकमेवर अवलंबून असतो.

तिसरी गोष्ट मुलांची आहे. ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर गेलेल्या मुलाची शाळा सुटते आणि पुष्कळदा ती कायमचीच सुटते. त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविण्यात आली. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. तीत जालना जिल्ह्याचाही समावेश आहे. या सोयींची माहिती दसऱ्यापूर्वी घराघरांत पोचविण्याचे काम शिक्षकाइतके चांगले कोणी करू शकत नाही. गाडी निघण्याच्या दिवशी सांगून उपयोग नसतो. तोवर मुलाचे अंथरूण गाडीत चढलेले असते.

शिक्षकांना आणखीही एक काम करता येण्यासारखे आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून यात्रेतील पन्नास दुकानांची साधी पाहणी करवून घ्यावी. विक्रेता कोणत्या गावचा, माल कोठून आणला, मदतीस कोण आहे, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यावरून यात्रेचा पैसा कोणत्या वाटेने जातो, याचा नकाशा मुलांना स्वतःच काढता येईल. भूगोल व अर्थशास्त्र यांचा इतका जिवंत धडा पुस्तकात सापडणे कठीण, आणि त्या नकाशाचा उपयोग ग्रामसभेलाही होईल.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा समन्वयाचा होय. रस्ता एका खात्याकडे, पाणीपुरवठा दुसऱ्याकडे, बसथांबा तिसऱ्याकडे आणि यात्रास्थळाचा निधी चौथ्याकडे असतो. प्रत्येक खाते आपापले काम पूर्ण करते. पण प्रवासी उतरतो तेथे सावली नसते, सावली असते तेथे पाणी नसते आणि शौचालय बांधलेले असले तरी त्यात नळ नसतो. कामांचे आराखडे मंजूर करण्यापूर्वी एकदा सर्वांनी मिळून, बसस्थानकापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत, यात्रेकरूप्रमाणे पायी चालून पाहिले, तर कागदावर न दिसणाऱ्या अनेक त्रुटी दिसू शकतील.

रस्त्याची खरी कसोटी

एकट्या यात्रेने अंबड तालुक्यातील दारिद्र्य हटणार नाही, हे उघड आहे. कोरडवाहू गावांच्या स्थलांतराचे मूळ पाण्यात, जमिनीच्या वाटणीत व वर्षभराच्या कामाच्या अभावात आहे. मृद व जलसंधारण, पाण्याचा काटकसरीने वापर, फळबागांना दुष्काळात तग धरता येईल अशी शेततळ्यांची जोड आणि गावातच मिळणारे काम यांवाचून तो प्रश्न सुटणार नाही. पण रस्ता, यात्रा व पर्यटन यांनी त्या प्रयत्नांना हातभार लावावयाचा की असलेली दरी रुंद करावयाची, हे मात्र आपण त्यांची आखणी कशी करतो यावर अवलंबून आहे.

रस्ता किती रुंद, किती गुळगुळीत व किती वेगवान झाला, ही अभियांत्रिकीची कसोटी होय, आणि ती योग्यच आहे. विकासाची कसोटी तिच्यापुढे सुरू होते. दसऱ्यानंतर त्या रस्त्याने गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांची संख्या गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली काय, हे प्रत्येक गावाला सहज मोजता येण्यासारखे आहे. ज्या वर्षी एखाद्या कुटुंबाची गाडी भरली गेली नाही, घराला कुलूप लागले नाही आणि मूल दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा आपल्याच शाळेत हजर झाले, त्या वर्षी तो रस्ता त्या गावापर्यंत खऱ्या अर्थाने पोचला, असे म्हणता येईल.